पंप उचलण्याआधी पान उलटून बघा

पावसाने उघडीप दिली, ऊन-सावलीचा खेळ सुरू झाला की भाजीच्या वाफ्यात आणि परसबागेत किडी भराभर वाढतात. फवारणी सेंद्रिय असली तरी कीड न ओळखता करू नका. मेहनत वाया जाते आणि मित्रकीटकही मरतात.

मिरचीचंच घ्या. पानं वाकडी झाली की आपण 'बोकड्या आला' म्हणून मोकळे होतो. पण पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल, तर फुलकिडे. पान खाली वळलंय, देठ लांबलाय, तर कोळी (घरातला जाळं विणणारा नव्हे, डोळ्यांना जेमतेम दिसणारी रस शोषणारी कीड). पानं बारीक राहून अख्खं झाडच खुजं झालं असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. ते झाड उपटून टाकाच, कुठलाही अर्क त्याला बरं करत नाही. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क, कोळ्यासाठी पाण्यात मिसळणारं गंधक. गंधक भर उन्हात मारू नका, पानं करपतात.

चवळी-वालाच्या शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली, की तिथे मावा (रस शोषणारे बारीक किडे) आहे असं समजा. पाण्याची जोरदार धार मारली तरी बराचसा धुऊन जातो. त्यात काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी अळी फिरताना दिसली तर कृपा करून चिरडू नका. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी, मावा खाणारी. ती असेल तर दोन-तीन दिवस फवारणी थांबवा.

निंबोळी अर्क घरीच करा. 10 लिटरसाठी अर्धा किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटा, फडक्यात पुरचुंडी बांधून रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा. सकाळी पिळून गाळा, 20 ग्रॅम साबणचुरा विरघळवून घाला, पाणी 10 लिटर करा आणि त्याच संध्याकाळी, पानांच्या खालूनही फवारा. उन्हात त्याचा गुण लवकर जातो. किडी लगेच मरत नाहीत, खाणं सोडतात. म्हणून आठवड्याने पुन्हा फवारा.

वांग्याचा शेंडा मलूल दिसला की आत शेंडा पोखरणारी अळी आहे असं समजा, अळीसकट कापून जाळा.

कारली, दोडकी वाकडी होऊन सडत असतील तर आत फळमाशीच्या अळ्या आहेत. इथे क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा. आंब्याच्या फळमाशीसाठी लावतात तो मिथाईल युजेनॉल या दुसऱ्या वासाचा सापळा इथे उपयोगी नाही. सापळ्यात फक्त नर येतात, म्हणून गळलेली फळं रोज वेचायलाच हवीत. ती खताच्या खड्ड्यात टाकू नका, अळ्या तिथेच मातीत कोष करतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.