पूरप्रवण जमिनीवर बांधकाम: स्थानिक नियम कसे वाचावेत आणि परवानगीची तयारी कशी करावी

नदीकाठच्या भूखंडाची चौकशी करणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न अंतराचा विचारतो: नदीपासून किती मीटर सोडावे लागतील? काही नियमांत असे अंतर दिलेले असते आणि ते पाळावेच लागते. परंतु पुराचे पाणी पातळीने पसरते, त्यामुळे नदीपासून दूर असलेली खोलगट जमीन बुडते आणि काठावरचाच एखादा उंचवटा कोरडा राहतो. पूरक्षेत्रातील बांधकामाचे नियम मुळात या पातळीभोवतीच रचलेले असतात. म्हणून नकाशावरील पूररेषा, म्हणजे ठराविक पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती रेषा, पाहून समाधान मानू नये, तर आपल्या भूखंडासमोर ती रेषा किती उंचीची आहे, तो आकडा मीटरमध्ये आणि लेखी मागून घ्यावा.

हा आकडा 'तलांक' म्हणून, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणून दिला जातो. नदी उताराने वाहत असल्याने पूररेषेचा तलांकही जागोजागी बदलतो, आणि गावाच्या एका टोकाचा आकडा दुसऱ्या टोकाला लागू पडत नाही. पूररेषा आखणारे खाते नदीवर ठराविक अंतराने छेद (पात्राची आडवी मोजणी) घेऊन प्रत्येक छेदाची पूरपातळी काढते. आपला भूखंड कोणत्या दोन छेदांच्या मध्ये येतो ते पाहून, त्या दोन्ही पातळ्यांवरून आपल्या जागेची पातळी काढता येते.

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे काय

या शब्दांनी जितका गैरसमज पसरवला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या तांत्रिक शब्दांनी पसरवला असेल. शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असलेला पूर. तो मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून पुढची नव्याण्णव वर्षे निर्धास्त राहावे, असा त्याचा अर्थ होत नाही. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. पंचवीस वर्षांचा पूर घेतला, तर त्याच ३० वर्षांत ती सुमारे ७१ टक्क्यांवर जाते. त्यामुळे नियमांत कोणत्या आवर्तनाचा पूर धरला आहे, हे आधी तपासावे.

भूखंड कोणत्या पट्ट्यात येतो

बहुतेक ठिकाणचे नियम पूरक्षेत्राचे दोन भाग करतात. पहिल्या भागातून पूर जोराने वाहतो. तिथे भिंत किंवा भराव उभा राहिला की वाट अडते आणि वरच्या बाजूची पाणीपातळी चढते. दुसऱ्या भागात पाणी पसरते, काही काळ थांबते आणि ओसरते. पहिल्या भागात बांधकामास जवळजवळ बंदी असते, तर दुसऱ्यात अटींसह परवानगी मिळू शकते.

महाराष्ट्रात या विभागणीसाठी निळी आणि लाल अशा दोन रेषा आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांच्या पुराशी आणि लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराशी निगडित आहे. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला भाग निषिद्ध क्षेत्र, तर निळ्या आणि लाल रेषेमधला भाग नियंत्रित क्षेत्र मानला जातो. अमेरिकेत मुख्य प्रवाहाचा पट्टा ठरवताना उरलेले पूरक्षेत्र पूर्ण भरून गेले तरी पातळी एक फुटापेक्षा अधिक चढू नये, ही राष्ट्रीय कसोटी लावतात. स्थानिक संस्था तिच्याहून कडक कसोटी ठेवू शकते. इंग्लंडमध्ये शक्यतेनुसार तीन विभाग केले आहेत, आणि कमी धोक्याची जागा उपलब्ध असताना अधिक धोक्याची जागा का निवडली, हे तिथे अर्जदाराला दाखवून द्यावे लागते.

भूखंडातून रेषा तिरकी जात असेल, तर संपूर्ण जागेवर बंदी आहे असे समजून व्यवहार मोडण्याची घाई करू नये. बाधित भाग मोकळा ठेवून त्याचे बांधकामक्षेत्र उरलेल्या जागेत वापरू देण्याची तरतूद काही नियमावल्यांत असते. ती आपल्याकडे आहे का, हे नियमावलीत तपासावे. विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मोठ्या नदीची पूररेषा आखलेली असते, पण तिला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांची नसते. नकाशावर रेषा नाही याचा अर्थ तिथे पूर येत नाही असा नसून, अनेकदा त्या ओढ्याचा अभ्यासच झालेला नाही, एवढाच असतो.

मोजणी आणि जोत्याची पातळी

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात. वास्तुविशारदाच्या नकाशात बऱ्याचदा रस्त्यावरच्या एखाद्या चेंबरच्या झाकणाची पातळी १००.०० मीटर गृहीत धरून बाकीच्या उंच्या लिहिलेल्या असतात. इमारत बांधायला ते पुरते. पण पूरपातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असेल, तर या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही. उपग्रहावर चालणारे उपकरण जी उंची थेट देते, तिचाही आधार वेगळा असतो, आणि काही प्रदेशांत तिच्यात व समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत पन्नास मीटरांहून अधिक फरक पडतो. म्हणून ज्या संदर्भखुणेवरून (तलांक माहीत असलेल्या कायमच्या खुणेवरून) पूररेषा आखली, त्याच खुणेशी जोडून मोजणी करण्यास सर्व्हेअरला सांगावे आणि त्या खुणेचा तलांक नकाशावर लिहून घ्यावा.

एक काल्पनिक हिशेब पाहू. जमिनीचा तलांक ५४७.२० मीटर आहे आणि लाल रेषेची पातळी ५४८.६० मीटर आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे नियंत्रित क्षेत्रातील जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर असावे लागते. म्हणजे जोत्याचा तलांक ५४९.०५ मीटर येतो, आणि जोते जमिनीपासून १.८५ मीटर उंच करावे लागते. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली तर दारापर्यंत तेरा पायऱ्या होतात. हे चित्र आराखडा काढण्यापूर्वी डोळ्यांसमोर असावे, कारण घरात वृद्ध व्यक्ती असेल तर उताराची वाट आणि तिला लागणारी लांबी यांचाही विचार करावा लागतो.

आता समोरचा रस्ता ५४६.९० मीटरवर आहे असे धरा. पाणी लाल रेषेला टेकेल तेव्हा घर कोरडे असेल आणि रस्त्यावर १.७० मीटर पाणी असेल. अनेक नियमावल्या जोत्याबद्दल सविस्तर बोलतात आणि बाहेर पडण्याच्या वाटेबद्दल फारच थोडे. माझ्या मते ही त्यांतील मोठी उणीव आहे. नियम मागत नसला तरी भूखंडापासून उंच जागेपर्यंतच्या वाटेचे तलांक घेऊन ठेवावेत.

भराव

जोते उंच करण्याचा सोपा उपाय म्हणून पूर्ण भूखंडावर मुरूम टाकला जातो. २० मीटर गुणिले ३० मीटरच्या भूखंडावर १.४० मीटर भराव घातला, तर ८४० घनमीटर, म्हणजे ८ लाख ४० हजार लिटर पाण्याची जागा नाहीशी होते. ते पाणी शेजाऱ्याकडे किंवा खालच्या वस्तीकडे सरकते. एका भूखंडाने पडणारा फरक मोजताही येणार नाही इतका लहान असतो, पण पन्नास भूखंडांनी हेच केले की आखलेली पूररेषाच खोटी ठरते. म्हणूनच काही नियमांत भरावासाठी वेगळी परवानगी लागते, तर काहींत भरावाइतकेच उत्खनन त्याच पातळीवर करून पाण्याला जागा परत द्यावी लागते. खांबांवर इमारत उचलून खालचा भाग मोकळा ठेवणे हा पर्याय बहुतेक वेळा अधिक चांगला ठरतो.

मात्र तो भाग मोकळाच राहिला पाहिजे. वाहनतळ म्हणून मंजूर झालेल्या जागेला पुढे भिंती येतात, मग शटर लागते आणि अखेरीस तिथे कुणीतरी राहू लागते. बंद भिंतींवर बाहेरच्या पाण्याचा दाब पडतो आणि आत तोलणारे पाणी नसले तर भिंत फुटते. अमेरिकी नियमांत अशा जागेच्या प्रत्येक चौरस फुटामागे भिंतीत एक चौरस इंचाची उघडी जागा ठेवावी लागते. अशी छिद्रे किमान दोन हवीत आणि त्यांचा तळ जमिनीपासून एक फुटापेक्षा वर नसावा. वीजमीटर, पंपाचे पॅनेल आणि जनित्र पूरपातळीच्या वर न्यावेत. सांडपाण्याच्या नळाला उलटा प्रवाह रोखणारी झडप बसवावी, नाहीतर दारातून न आलेले पाणी शौचालयातून वर येते.

जुनी इमारत आणि सवलत

नियम येण्यापूर्वीची अधिकृत इमारत सहसा आहे तशी राहू शकते, पण तिच्यात मोठे काम काढले की नवे नियम लागू होतात. 'मोठे काम' कशाला म्हणायचे याची व्याख्या आधी वाचावी. अमेरिकेत दुरुस्ती किंवा सुधारणेचा खर्च, जमीन वगळून केवळ इमारतीच्या बाजारमूल्याच्या ५० टक्के किंवा अधिक झाला, तर पूर्ण इमारत नव्या पातळीवर आणावी लागते. काम तुकड्यांत दाखवून मर्यादा चुकवण्याची युक्ती सर्वत्र चालत नाही, कारण काही स्थानिक संस्था ठराविक वर्षांतील सगळ्या कामांची बेरीज धरतात.

नियमातून सवलत मिळवण्याचा अर्ज करायचाच असेल, तर तो जमिनीच्या स्वरूपावर आधारलेला असावा. खर्च परवडत नाही, हे कारण सहसा टिकत नाही.

परवानगीनंतर

जोते पूर्ण झाले की भिंती चढवण्यापूर्वी सर्व्हेअरकडून त्याचा तलांक मोजून घ्यावा आणि स्वाक्षरीसह प्रमाणपत्र परवानगी देणाऱ्या कार्यालयात दाखल करून पोच घ्यावी. या टप्प्यावर दहा सेंटिमीटरची चूक सापडली तर ती काँक्रीटचा एक थर टाकून सुधारता येते. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी सापडली तर हातात फारसे काही उरत नाही. जोत्याच्या तलांकाच्या प्रमाणपत्रासोबत पूरपातळीचे लेखी पत्र, संदर्भखुणेचा तलांक आणि मंजूर नकाशा एकाच धारिकेत ठेवावा, कारण पुढे पूररेषा नव्याने आखली गेली, तर बांधकाम कोणत्या पातळीच्या आधारे झाले याचा पुरावा हीच कागदपत्रे असतात.