पुसले गेलेले फोटो लिनक्सवर परत कसे मिळवावेत

लिनक्सवर मी आजवर बरेच उपद्व्याप केले. पण घरच्यांनी ज्याची दखल घेतली तो एकच. भाचीच्या बारशाचे फोटो असलेले कार्ड माझ्याच हातून कॅमेऱ्यात फॉरमॅट झाले होते आणि ते फोटो मी फोटोरेक या मुक्त प्रोग्रॅमने परत काढले.

हे शक्य होते, कारण फाइल पुसली म्हणजे तिचा मजकूर पुसला असे नसते. फॅट३२ (फाइली साठवण्याची एक पद्धत) असलेल्या कार्डावर फाइलींच्या यादीत प्रत्येकीची एक नोंद असते, तीतल्या नावाचे पहिले अक्षर बदलून जागा मोकळी असल्याची खूण केली जाते. साधे फॉरमॅट केल्यानेही मुख्यतः नोंदीच कोऱ्या होतात, आणि फोटो नवे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत जागच्या जागी असतो. म्हणून चूक लक्षात येताच कार्ड कॅमेऱ्यातून काढावे आणि त्याच्या कडेची लहानशी पट्टी ‘लॉक’कडे सरकवावी. लॅपटॉपमधल्या एसएसडीवर, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कवर, मात्र फारशी आशा धरू नये, कारण तिथे ट्रिम ही सोय मोकळी जागा लवकरच खरोखर रिकामी करते.

कार्डावर थेट काम न करता आधी त्याची हुबेहूब प्रत काढावी. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या आवृत्त्यांवर त्यासाठी जीडीडीरेस्क्यू हे पॅकेज बसवावे. आज्ञा देताना मात्र पहिला जी गाळून डीडीरेस्क्यू असेच लिहायचे, ही गोष्ट कळेपर्यंत माझी पंधरा मिनिटे गेली. एलएसबीएलके या आज्ञेने डिस्कची यादी येते, तीत आकारावरून आपले कार्ड ओळखावे आणि ते आपोआप माउंट झाले (म्हणजे वापरासाठी जोडले गेले) असेल तर अनमाउंट करावे. मग डीडीरेस्क्यूला आधी कार्डाचे, नंतर प्रत ठेवायच्या फाइलचे आणि शेवटी नोंदफाइलचे (काम कुठवर झाले ते जीत लिहिले जाते तिचे) नाव द्यावे. हा क्रम दोनदा वाचून मगच एंटर दाबावे. प्रत कार्डाएवढीच मोठी होते, तेव्हा ३२ जीबीच्या कार्डासाठी तेवढी जागा आधी मोकळी करावी.

फोटोरेक टेस्टडिस्क या पॅकेजातून येतो. तो नोंदींकडे ढुंकूनही पाहत नाही. जेपेग फाइलची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या तीन बाइटांनी होते, तशा खुणा तो सगळ्या प्रतीत शोधत जातो. त्याला प्रतीची फाइल दाखवावी, फाइल-प्रकारांत फक्त जेपेग ठेवावा (नाहीतर भाराभर कचरा निघतो), फाइल सिस्टिम विचारल्यावर ‘अदर’ निवडावे, ‘होल’ म्हणजे संपूर्ण भाग तपासायला सांगावे आणि निकालासाठी दुसऱ्या डिस्कवरचा फोल्डर देऊन सी दाबावा. त्यानंतर पडद्यावर सापडलेल्या फाइलींचा आकडा चढू लागतो. त्या वेळी मी खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही.

फोटो येतात, पण मूळ नावे येत नाहीत. एफने सुरू होणारी नावे खऱ्या फोटोंची असतात, तर टीने सुरू होणारी त्यांच्यातल्या छोट्या नमुनाचित्रांची, ती खुशाल काढून टाकावीत. तुकड्यातुकड्यांनी साठवलेला फोटो मात्र अर्धा राखाडी निघू शकतो. फोटोच्या पोटात असलेली वेळ एक्झिफटूल या प्रोग्रॅमने वाचून सगळ्यांना तारखेनुसार नावे देता येतात, फक्त कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर असायला हवे. आमचे नव्हते, त्यामुळे भाचीचे बारसे तिच्या जन्माच्या दोन वर्षे आधीच उरकल्याचे दिसत होते. एक्झिफटूलनेच सगळ्या तारखा एकदम पुढे सरकवून ते दुरुस्त केले.