जेरिकोचा गुलाब: भिजवायचा कसा, वाळवायचा कसा

ऑनलाइन मागवलेल्या खोक्यातून मुठीएवढा तपकिरी गोळा निघतो, काथ्याच्या गुंडाळीसारखा. ही सेलाजिनेला लेपिडोफिला. दिसायला शेवाळासारखी, नेच्यांसारखी बियांऐवजी बीजाणूंवर, म्हणजे धुळीइतक्या बारीक कणांवर, वाढणारी. नावात जेरिको असलं, तरी पश्चिम आशियातल्या त्या शहराशी हिचा काही संबंध नाही. हिचं घर मेक्सिको आणि टेक्सासमधलं चिवावा वाळवंट, तिथले चुनखडीचे खडकाळ उतार. आपल्याकडे 'संजीवनी' म्हणून विकतात ती सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस याच कुळातली.

खोलगट बशीत गोटे पसरा. त्यावर गोळा मुळांची बाजू खाली करून ठेवा आणि मुळं जेमतेम बुडतील इतकंच कोमट पाणी घाला. पावसाचं मिळालं तर उत्तम; नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. चार-सहा तासांत फांद्या पसरतात.

इथेच लोक फसतात. मेलेला गोळाही उघडतो, कारण फांद्या पाणी शोषून फुगल्या की आपोआप सरळ होतात. जिवंतपणाची खूण एकच: पुढच्या काही दिवसांत मधला भाग हिरवा होणं. कडेच्या जुन्या फांद्या तपकिरीच राहिल्या तर काळजी नको. आठवड्याभरात हिरवा ठिपकाही दिसला नाही, तर तो गोळा केवळ शोभेचा.

पाणी रोज बदला, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुबट वास मारतं आणि बुरशी धरते. आठवडा झाला की बशीतलं पाणी ओतून टाका आणि रोप निदान आठवडाभर पूर्ण वाळू द्या. कायम पाण्यात ठेवलं की ते कुजतं. हा वाळवंटी जीव, पाऊस पडून गेला की कोरडं व्हायची त्याला सवय.

वाळवताना मात्र घाई नको. कडक उन्हात ठेवू नका, पंख्याखाली तर मुळीच नाही. सावलीत, हवेशीर जागी. फांद्या आत वळतात त्या उन्हापासून मधला हिरवा भाग झाकायला. वळू नयेत म्हणून वर वजन ठेवून चपटं वाळवलं, तर नेमका तोच भाग होरपळतो.

कुंडीत लावायचं असेल तर दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, खत नको. मुळं मेलेली असली तर कुंडीचा खटाटोप न करता बशीतच ठेवा. आणि याचं 'बी' कुणी विकत असेल तर घेऊ नका, या झाडाला बी धरतच नाही.