सात हप्ते भरले, पाच उरले: मधेच फोन बदलायचा असेल तर

गेल्या वर्षी विसर्जनाच्या गर्दीत, गिरगावात, माझ्या भाच्याच्या हातून फोन निसटला. पडला तो नेमका काचेवर. फोन घेऊन सातच महिने झाले होते, बारातले पाच हप्ते बाकी. दसऱ्याच्या आधी तो दादरच्या एका दुकानात गेला. काउंटरवरच्या मुलाने फुटका फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये टाका, हप्त्याचं टेन्शन घेऊ नका." भाच्याने घेतलं नाही. पुढच्या महिन्यात खात्यातून दोन हप्ते कापले गेले. एक नव्या फोनचा, आणि दुसरा जो फोन आता त्याच्याकडे नव्हताच त्याचा.

तो दुकानातला मुलगा तसा खोटं बोलला नव्हता. त्याने जुना फोन विकत घेतला, एवढंच. भाच्याचं कर्ज विकत घेतलं नव्हतं. सगळा घोळ इथेच होतो, म्हणून सुरुवात इथूनच करू.

आधी बघा, तुम्ही बांधलेले आहात कोणाला

अमेरिकेतला चुलत भाऊ सांगतो तसं, फोन आणि सिमचा प्लॅन एकाच दोन-तीन वर्षांच्या करारात, हे आपल्याकडे फारसं रुजलं नाही. प्रयत्न झाले. २००३ साली रिलायन्सच्या ‘मान्सून हंगामा’त ५०१ रुपये भरून लोकांनी आयुष्यातला पहिला मोबाईल घेतला, तो त्याच कंपनीच्या नेटवर्कवर चालायचा. आज मुंबईत बहुतेकांचा फोन सुटा असतो, सिम सुटं असतं आणि पैसे तिसऱ्याचे असतात.

म्हणजे बंधनं तीन असू शकतात. बँक किंवा फायनान्स कंपनीचं कर्ज, हे सगळ्यात मोठं. मोबाईल कंपनीचा पोस्टपेड प्लॅन, त्यात कधीकधी ठरावीक महिन्यांची अट. आणि काही फायनान्सवाल्यांनी फोनमध्येच टाकलेलं लॉकचं अ‍ॅप, जे हप्ता चुकला की फोन अडवतं. बिलावर तुमचं नाव असेल तर फोन तुमचाच. पण कर्जाच्या करारात हप्ते फिटेपर्यंत फोन विकू नये असं कलम आहे का, ते वाचल्याशिवाय एक्स्चेंजला हात लावू नका.

शिवाय एक चौथं, खास आपल्या घरातलं बंधन: कार्ड दादाचं, फोन वहिनीचा, हप्ता तिसराच भरतो. अशा वेळी बँकेच्या लेखी कर्जदार एकच, ज्याचं कार्ड तो. फोन बदलायच्या आधी त्याला फोन करा. नंतर केला तर दिवाळीत तोंडं फिरतात.

बाकी किती, हा आकडा कागदावर हवा

"पाच हप्ते उरलेत, म्हणजे पाच गुणिले हप्ता" हा हिशेब पुरा नाही. तुम्हाला हवी ती उरलेली मुद्दल, आणि आज कर्ज बंद केलं तर एकूण किती भरावे लागतील तो आकडा. बँक आणि फायनान्सवाले त्याला फोरक्लोजर अमाउंट म्हणतात. कार्डावरचा हप्ता असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ईएमआयच्या तपशिलात हा आकडा बहुधा दिसतो. फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर फोरक्लोजर लेटर मागा. अशा कर्जाला १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावं लागतं. वार्षिक दर, फी, मुदतीआधी फेडल्यास किती दंड, सगळं त्यात लिहिलेलं असतं. तेव्हा ओटीपी देताना ते कोणी वाचलं नसणार. आता ईमेलमध्ये शोधून वाचा.

इथे जरा थांबून आकडेमोड करू, कारण ‘नो कॉस्ट’ या शब्दाने भल्याभल्यांना फसवलं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रोसेसिंग फीसारख्या ठिकाणी लपवलेलं असतं. नो कॉस्टमध्ये बँक व्याज घेतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत देतो, म्हणून तुमच्या खिशाला ते जाणवत नाही.

समजा फोन ४८,००० रुपयांचा, ४,००० चे बारा हप्ते, बँकेचा दर १६ टक्के. मग प्रत्यक्ष कर्ज साधारण ४४,०८६ रुपयांचं आणि व्याज ३,९१४ चं. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ७०५ रुपये, तो तुमच्या माथी. १९९ रुपये प्रोसेसिंग फी असेल तर जीएसटी धरून आणखी २३५. ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट ९४० रुपये झाली.

आता सात हप्ते भरून कर्ज बंद करायचं म्हटलं तर मुद्दल उरते साधारण १९,२२४. मुदतीआधी बंद करण्याचा दंड ३ टक्के धरा, ५७७ रुपये, वर त्याचा जीएसटी १०४. एकूण १९,९०५. आणि काहीच न करता पाचही हप्ते भरत राहिलात तर २०,००० अधिक व्याजावरचा जीएसटी १४०. वाचले २३५ रुपये! बँकेने खरेदीच्या वेळचा कॅशबॅक परत मागितला तर तेही गेले.

म्हणून ‘कर्ज मिटवून मोकळं व्हावं’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटला तरी फोनच्या हप्त्याला बहुधा लागू पडत नाही. माझ्या मते फोरक्लोजर तीनच कारणांसाठी करावं: कार्डाची लिमिट अडकलीय आणि ती लगेच हवीय, लवकरच घराच्या कर्जाचा अर्ज करायचाय, किंवा जुना फोन विकायचाय आणि त्यावर लॉक किंवा विक्रीबंदीचं कलम आहे. नाहीतर हप्ते चालू द्या आणि पैसे हाताशी ठेवा.

मग नवा फोन घ्यावा का?

दोन हप्ते एकत्र पडणार असतील तर त्यांची बेरीज करा आणि महिन्याच्या पाच तारखेला खात्यात किती उरतं ते बघा. भाच्याचे ४,००० आणि ५,००० मिळून ९,००० जात होते, आणि त्याच आठवड्यात खोलीचं भाडं. एक हप्ता बाउन्स झाला की दंड वेगळा आणि सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग वेगळा.

फक्त बॅटरी उतरत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून पाच महिने सहज निघतात. काच फुटली असेल तर दुरुस्तीचा भाव आणि एक्स्चेंजमधला फरक समोरासमोर ठेवा, कारण फुटक्या काचेच्या फोनची एक्स्चेंज किंमत अक्षरशः आदळते. कंपनीने सुरक्षेचे अपडेट थांबवले असतील आणि त्याच फोनवर बँकेची अ‍ॅप चालत असतील, तर मात्र थांबू नका.

नवा फोन घ्यायचं ठरलंच तर जुन्याचे तीन भाव काढा: ऑनलाइन एक्स्चेंज, ब्रँडच्या दुकानातला एक्स्चेंज, आणि लॅमिंग्टन रोड किंवा इर्ल्याच्या अल्फाच्या मोबाईल बाजारात रोख. रोखीचा भाव चांगला मिळू शकतो, पण तिथे आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) असलेलं बिल आणि खोका लागतो. एक्स्चेंजचा बोनस आणि कार्डाची सूट मिळून जाहिरातीतली मोठी रक्कम बनते, त्यामुळे नुसता जुन्या फोनचा भाव किती धरलाय ते वेगळं विचारा.

पोस्टपेड असेल तर

फोन बदलायला मोबाईल कंपनीची परवानगी लागत नाही. सिम काढायचं, नव्यात घालायचं. कंपनीही बदलायची असेल तर १९०० वर एसएमएस करून पोर्टिंगचा कोड मागायचा. तो मुंबईत चार दिवस चालतो आणि सर्कलच्या, म्हणजे मोबाईल सेवेच्या एकाच विभागाच्या, आतल्या पोर्टिंगला कामकाजाचे तीन दिवस लागतात. मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळं सर्कल आहे, त्यात नवी मुंबई आणि कल्याणही येतात. पुण्याचा नंबर घेऊन इथे आला असाल तर पाच दिवस धरा.

कोड नाकारला जाण्याची नेहमीची कारणं अशी: मुदत उलटलेलं बिल थकलेलं असणं, सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले नसणं, गेल्या सात दिवसांत सिम बदललेलं असणं, किंवा करारात बाहेर पडण्याची अट आहे आणि ती पुरी केलेली नसणं. ही शेवटची अट म्हणजेच लॉक-इन. उरलेल्या महिन्यांचे पैसे भरले की ती सुटते. नंबर ऑफिसच्या नावावर असेल तर ऑफिसचं पत्र लागतं, आणि एचआरकडून ते मिळायला किती दिवस लागतात हे तुम्हीच जाणता.

अदलाबदलीचा दिवस

इथे क्रम चुकला की माणूस चोवीस तास लटकतो. जुनंच सिम नव्या फोनमध्ये घातलं तर काही अडत नाही. पण नवं सिम घेतलं किंवा ई-सिम केलं, तर फसवणूक टाळण्यासाठी पुढचे २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. एसएमएस नाही म्हणजे ओटीपी नाही, आणि यूपीआयची नव्या फोनवर नोंदणीही नाही, कारण ती सिमवरून एसएमएस पाठवूनच होते. म्हणून भाडं, वीजबिल, हप्ता, जे काही भरायचं ते आदल्या दिवशी भरा आणि खिशात रोख ठेवा. वडापाववाल्याकडे क्यूआर असून उपयोग नाही, त्या दिवशी तुमच्याकडेच काही नसतं. शनिवारी संध्याकाळी हे काम काढू नका. काही अडलंच तर मोबाईल कंपनीची गॅलरी रविवारी उघडी मिळेल याची खात्री नाही.

दोन्ही फोन अँड्रॉइड किंवा दोन्ही आयफोन असतील तर व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट ते शेजारी ठेवून क्यूआरने हलवा. लॉगिनचे कोड देणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड आधी एक्स्पोर्ट करा, हे हमखास विसरलं जातं. रेल्वेच्या अ‍ॅपवर लोकलचा पास काढला असेल तर तो नव्या फोनवर दिसेपर्यंत जुना फोन चार्ज करून सोबत ठेवा. टीसीला बॅकअपची गोष्ट सांगून भागत नाही.

जुना फोन लगेच देऊ नका, आठ दिवस घरात राहू द्या. मग गुगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यातून साइन आउट करा, ‘फाइंड माय’ बंद करा, आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट. उलट क्रमाने केलंत तर फोन पुढच्या माणसाकडे तुमचाच पासवर्ड मागत बसतो. फायनान्सवाल्यांचं लॉक अ‍ॅप असेल तर तेही त्यांच्याकडून काढून घ्या. तुम्हीच कोणाचा वापरलेला फोन विकत घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. तिथे ब्लॅकलिस्टेड दिसला तर दुकानदार कितीही गोड बोलो, उठा. आणि विकताना घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, तारीख आणि आयएमईआय लिहिलेली पावती ठेवा. तो फोन उद्या कुठल्या गुन्ह्यात सापडला तर पोलीस बिलावरच्या नावाकडे येतील.

कर्ज बंद केलं असेल तर दोन गोष्टी राहतात. फायनान्स कंपनीकडून एनओसी, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्या, आणि बँकेत जाऊन किंवा अ‍ॅपवर त्या हप्त्याचा नॅच मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, बंद झालाय का बघा. महिना-दीड महिन्याने सिबिलचा मोफत रिपोर्ट काढा, तो वर्षातून एकदा मिळतो. खातं ‘क्लोज्ड’ दिसत नसेल तर तक्रार करा. तीस दिवसांत ती सोडवली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद २०२४ पासून आहे. भाच्याने नोव्हेंबरमध्ये उरलेले हप्ते एकदम भरून कर्ज मिटवलं. त्याच्या रिपोर्टमध्ये ते जानेवारीपर्यंत चालूच दिसत होतं.