मुरमाड उतारावर ताल कशी घालावी

सोलापुरात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यातला बराचसा सप्टेंबरात दोन-चार दणक्यांत पडतो आणि माळरानावरची वीतभर माती ओढ्याला लावतो. ती अडवायला ताल, म्हणजे उताराला आडवा मातीचा बांध हवा, पण समपातळीत, म्हणजे सगळीकडे एकाच पातळीवर.

आधी उतार मोजा. दहा मीटरला वीस सेंटिमीटर उतरत असेल तर तो दोन टक्के. तिथे दोन तालींत चाळीस मीटर अंतर ठेवा. तीन टक्क्यांना तीस मीटर.

खरी मेख रेषा आखण्यात आहे. ‘नजरेनं दिसतंय की, ट्रॅक्टरवाल्याला सांगा’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. उतार डोळ्याला फसवतो. ताल कुठे वीतभर जरी खाली उतरली, तरी सगळं पाणी त्याच जागी गोळा होतं आणि तिथूनच ती फोडतं. मग पाणी एका धारेनं सुटून घळ पडते. ताल घातलीच नसती तर निदान ते पसरून गेलं असतं.

रेषा आखायला A आकाराची चौकट बनवा. दोन सातफुटी बांबू वर एकत्र बांधा, पायांत दोन मीटर अंतर ठेवा, मध्ये आडवी पट्टी ठोका आणि शेंड्यावरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. दोरी पट्टीला जिथे टेकेल तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करून नेमक्या त्याच दोन जागांवर चौकट ठेवा, दुसरी खूण करा. दोन्हींचा मध्य म्हणजे समपातळी. आखताना चौकटीचा एक पाय जागेवर ठेवा आणि दोरी या मधल्या खुणेवर येईल तिथे दुसरा टेकवा, हे एक पाऊल. ही खात्री न करता आखणी केलीत तर प्रत्येक पावलाला चूक साचत जाते. काम सकाळी करा, दुपारच्या वाऱ्यात ओळंबा ठरत नाही. दर पावलाला खुंटी ठोका, मग खुंट्यांवरून फक्की, म्हणजे चुन्याची रेघ, मारा. बारीक वळणं सौम्य करा. ओघळीत मात्र तिथली ताल उंच करून माथा बाकीच्या तालीच्या पातळीत आणा.

पाया साडेसात फूट, माथा दीड, उंची दोन फूट. माती खचते म्हणून पाव भाग जास्त चढवा आणि थर चोपत जा.

सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, टाळू नका. कठीण मुरमावर, जमिनीपासून फूटभर उंचीवर, दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करूनच काढा.

खोल काळ्या रानात मातीची ताल नको. उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्याच मोठ्या पावसात भेगांतून पाणी शिरून फुटते. तिथे समपातळीवर खस किंवा मारवेल गवताची दाट ओळ लावा.

मुरमाड रानातल्या तालीवरही मारवेल लावा. पेरणी उताराला आडवी. पहिल्या पावसानंतर ताल फिरून पाहा, खचलेली जागा त्याच दिवशी भरून चोपा.