'लोस लुनेस अल सोल'ला मराठी सबटायटल्स कशी द्यावीत

दिग्दर्शक फर्नांदो लेओन दे अरानोआचा हा २००२चा स्पॅनिश सिनेमा. जहाज बांधायचं यार्ड बंद पडलं, माणसं बेकार झाली, आणि आता ती बारमध्ये बसून बोलतात. ११३ मिनिटं बहुतेक बोलणंच आहे. सान सेबास्तियान महोत्सवाचं गोल्डन शेल आणि स्पेनचे पाच गोया चित्रपट पुरस्कार मिळवणाऱ्या या सिनेमातलं हसू आणि कळ दोन्ही संवादांत आहे. त्यामुळे सबटायटल फसलं तर प्रेक्षकाला चार दाढीवाले पुरुष बिअर पिताना दिसतात, बाकी काही नाही.

हक्कधारकाची लेखी परवानगी, नीट प्रत, स्पॅनिश सबटायटल फाइल आणि सबटायटल एडिट किंवा एजिसब यांपैकी एक सॉफ्टवेअर हाताशी आहे असं धरून चालू. इंग्रजी फाइल समोर ठेवून मराठी करायचा मोह टाळा. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' दोन्ही एकाच शब्दात गेलेले असतात, शिव्या निम्म्या झालेल्या असतात आणि वाक्यं आधीच छाटलेली असतात. छाटलेल्यातून पुन्हा छाटलं की खाली नुसता गोषवारा उरतो. स्पॅनिश येत नसेल तर येणाऱ्याला शेजारी बसवा.

वेळ जुळवणं सोपं आहे. सुरुवातीला बरोबर आणि तासाभराने अडीच मिनिटांनी चुकलेली फाइल दिसली, तर ती पुढेमागे सरकवत बसू नका. तो सेकंदाला २५ आणि २३.९७६ फ्रेम्सचा (चित्रांचा) घोळ आहे. फ्रेम रेट बदला, दोन क्लिकचं काम.

लांबीसाठी अक्षरं मोजा. सॉफ्टवेअर काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतं, म्हणून ओळ लांब झाली असं सांगणारा त्याचा लाल रंग मराठीला लावू नका. 'स्वातंत्र्य' म्हणजे आपल्याला तीन अक्षरं, सॉफ्टवेअरला दहाएक. एका ओळीत वीसेक अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, सेकंदाला आठ-नऊ अक्षरं. एक सेकंदापेक्षा कमी आणि सातपेक्षा जास्त वेळ काही ठेवू नये.

आता खरी अडचण. बहुतेक मराठी सबटायटल्स इथेच मरतात, आणि कारण एकच: कामगारांच्या तोंडी शासकीय परिपत्रक घातलेलं असतं. 'बेरोजगार', 'पुनर्रचना', 'आस्थापना'. बारमध्ये कोण असं बोलतं? स्पॅनिश 'पारो' म्हणजे बेकारी आणि बेकारीचा भत्ताही. मराठीत 'बेकार' घ्या. त्यात नोकरी नसणं आहे आणि 'निकामी' हा दंशही आहे. यार्ड सोडताना मिळालेल्या पैशाला 'नुकसानभरपाई' म्हणू नका, 'हिशेब' म्हणा. त्यांच्यातल्याच रीकोने हिशेबाच्या पैशात बार टाकला, हे वाक्य मुंबईतल्या गिरणी कामगाराच्या घरात कुणालाही समजवावं लागत नाही. 'गोदी' मात्र टाळा. गोदी कामगार म्हणजे माल चढवणारे-उतरवणारे. हे जहाज बांधणारे आहेत. पहिल्यांदा 'जहाजांचं यार्ड', मग नुसतं 'यार्ड'.

नावातही हाच सापळा आहे. शब्दशः 'उन्हातले सोमवार' केलंत तर मराठी कान 'उन्हातान्हात राबणं' ऐकतो, म्हणजे नेमकं उलट. इथे राबायला कामच नाही. 'सोमवारी ऊन खात' हे बरोबर बसतं: कामाचा दिवस, आणि माणूस ऊन खात बसलेला.

सगळ्यात अवघड प्रसंग मुंगीच्या गोष्टीचा. बेकारांपैकी एक, सांता (नट हाविएर बार्देम), एका पोराला झोपवायला मुंगी आणि नाकतोड्याची गोष्ट वाचायला घेतो आणि वाचता वाचता मुंगीवरच भडकतो. स्पॅनिशमध्ये 'ओर्मिगा' आणि 'सिगार्रा' दोन्ही स्त्रीलिंगी. मराठीत मुंगी ती आणि नाकतोडा तो. सरळ भाषांतर केलं की हॉलमध्ये एक बेकार पुरुष कष्टाळू बाईला शिव्या देताना दिसतो आणि प्रसंगाचा अर्थच फिरतो. काही जण यावर 'मुंगळा' करतात. चुकीचं आहे, गोष्ट लहानपणीची वाटली पाहिजे, आणि लहानपणी कुणी मुंगळ्याची गोष्ट ऐकत नाही. मुंगी ठेवा, शिवी बदला. सांताचा राग तिच्या साठवणुकीवर आहे, तर तिला 'साठेबाज' म्हणा. रेशनच्या दुकानापासून आपल्याला हा शब्द पाठ आहे, त्याला लिंग चिकटत नाही, आणि चार अक्षरांत काम होतं. एकदा 'हरामखोर साठेबाज' आणि पुढे नुसतं 'साठेबाज'.

बाकी शिव्यांचं गणित असं: पडद्यावर लिहिलेली शिवी ऐकलेल्या शिवीपेक्षा दुप्पट झोंबते. 'होदेर' ही स्पॅनिश शिवी पावलोपावली येते, त्यातली दर तिसरी ठेवा, 'च्यायला' किंवा 'आयला' म्हणून. 'अरे देवा' लिहिणाऱ्याने हे काम घेऊ नये.

तू-तुम्हीचा निर्णय कागदावर यादी करून आधीच घ्या, नाहीतर मध्यंतरानंतर माणसं अचानक अदबीने बोलायला लागतात. मित्र आपसात 'अरे-तुरे'. बँकेत आणि कोर्टात 'तुम्ही'. होसे आणि त्याची बायको आना, दोघंही 'तू'. तिच्या तोंडी 'अहो' घातलंत, तर मासळीच्या कारखान्यात राबून घर चालवणारी बाई एकदम सोज्ज्वळ मालिकेतली होते. मित्रांतला आमादोर वयाने मोठा, पण स्पॅनिशमध्ये त्यालाही 'तू' आहे. मराठीत तेच चालवा, हवं तर एखादं 'म्हाताऱ्या' जोडा. त्याच्या सयामी जुळ्यांच्या बोलण्यात नुसतं 'जुळी' लिहिलं तर मुद्दा गेलाच. 'अंगाला चिकटलेली जुळी' हवं, म्हणजे एक पडला की दुसरा का पडतो ते कळेल.

रस्त्यावरच्या फोडलेल्या दिव्याच्या खटल्यात सांताला आठ हजार पेसेता (स्पेनचं युरोआधीचं चलन) भरायचे असतात. रुपयांत बदलू नका. पण मराठी कानाला 'आठ हजार' मोठे वाटतात आणि ही रक्कम ५० युरोंच्याही आत आहे. तो पैशासाठी नाही, तत्त्वासाठी अडून बसलाय. 'फक्त आठ हजार पेसेता', एका 'फक्त'वर भागतं.

विनोदाची शेवटची ओळ नेहमी वेगळ्या सबटायटलमध्ये. रशियन सेर्गेईचा किस्सा (साम्यवादाबद्दल सांगितलेलं सगळं खोटं होतं, भांडवलशाहीबद्दल सांगितलेलं मात्र खरं निघालं) दोन ओळींत एकत्र दिला तर लोक नटाच्या आधी हसतात आणि पुढचं वाक्य हशात बुडतं. मराठीत क्रियापद शेवटी येतं ही इथे सोय आहे: '…ते मात्र खरं निघालं' यातलं 'निघालं' नटाच्या शेवटच्या शब्दावर पडू द्या.

मग एकदा आवाज बंद करून पूर्ण पाहा. 'गेलो' आणि 'गेले'च्या चुका अशाच सापडतात, कारण स्पॅनिश क्रियापद बोलणारा बाई की बुवा ते सांगत नाही.

फाइल जपताना अक्षरांची पद्धत (एन्कोडिंग) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, जरा जाड. दोन ओळींतलं अंतर वाढवा. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात आणि मागच्या रांगेला शब्दच लागत नाही. जोडाक्षरं काही प्लेअरवर तुटतात, म्हणून 'श्री', 'र्‍या' आणि 'क्ष' असलेली तीन सबटायटल्स निवडून ती खेळ होणार त्याच हॉलमध्ये, त्याच मशीनवर, दिवे घालवून बघा. तुटली तर सबटायटल्स चित्रातच छापलेली प्रत तयार करा. त्याला एक रात्र लागते, म्हणून ही तपासणी खेळाच्या आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी.