परदेशात मुलांकडे राहताना प्रेसबिटेरियन मंडळीत उपासनेला जायचे असेल तर

भंडारा, वर्धा, यवतमाळकडच्या गावांतून मुलांकडे परदेशी गेलेल्या ख्रिस्ती आईवडिलांना पहिल्याच रविवारी प्रश्न पडतो: इथे उपासनेला कुठे जायचे? प्रेसबिटेरियन मंडळी (पाळकांसोबत निवडलेले वडीलजन कारभार पाहतात अशी प्रोटेस्टंट मंडळी) मिळाली तर निःसंकोच जावे. १८४५ मध्ये नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप याच परंपरेतले होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही ही परंपरा सामील आहे.

पाटीवर मात्र ‘प्रेसबिटेरियन’ असेलच असे नाही. स्कॉटलंडमध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड शोधा. इंग्लंडमधल्या बहुतेक प्रेसबिटेरियन मंडळ्या १९७२ पासून युनायटेड रिफॉर्म्ड चर्चमध्ये आहेत. कॅनडात १९२५ साली आणि ऑस्ट्रेलियात १९७७ साली बऱ्याच मंडळ्या अनुक्रमे युनायटेड आणि युनायटिंग चर्चमध्ये गेल्या, काही जुन्या नावानेच राहिल्या. अमेरिकेत एकाच नावाखाली वेगवेगळ्या संस्था आहेत. काहींत पाळकबाई असतात, काहींत फक्त पुरुषच पाळक होतात.

निघण्यापूर्वी आपल्या पाळकसाहेबांकडून इंग्रजीत एक पानाचे पत्र घ्या: नाव, बाप्तिस्मा, कोणत्या मंडळीचे सभासद, मुक्काम कधीपर्यंत. नुसत्या भेटीला ते लागत नाही, पण मुक्काम लांबला की उपयोगी पडते. पोहोचल्यावर बुधवार-गुरुवारीच मुलाकडून चर्चला ईमेल करवा आणि तीन गोष्टी विचारा: या रविवारची वेळ, पायऱ्या किती, आणि कोणी गाडीतून नेऊ शकेल का. हे विचारण्यात संकोच नको. वयस्करांना ने-आण करणारी माणसे पुष्कळ मंडळ्यांत असतात. स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी एकच पाळक दोन-तीन चर्च सांभाळत असल्याने वेळा बदलतात, म्हणून मागच्या महिन्याच्या वेळेवर विसंबू नका. रविवारी बसही कमी असतात.

घड्याळ चुकवणारे दोन रविवार असतात. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होते. मोबाईल आपोआप बदलतो, मनगटावरचे घड्याळ बदलत नाही. मार्चमध्ये त्यावर विसंबलात तर तासभर उशीर होईल.

पंधरा मिनिटे आधी पोहोचा. चपला-बूट काढायचे नाहीत, नवरा-बायकोने शेजारी बसायचे. डोक्यावर पदर घेतला तरी चालतो, नाही घेतला तरी. अगदी शेवटचा किंवा पहिला बाक नको. पुढे चार-पाच रांगा माणसे असली की कधी उठायचे ते दिसते. साधारणपणे गीताला उभे राहतात, प्रार्थनेला बसतात. स्कॉटलंडमध्ये सुरुवातीला पवित्र शास्त्र आत आणताना बऱ्याच ठिकाणी सगळे उठतात. गीतांचे क्रमांक फलकावर किंवा पडद्यावर असतात. प्रार्थना बहुधा एकजण करतो, बाकीचे शांत असतात. आपल्याकडच्या संध्याकाळच्या सभेसारखी सगळ्यांनी एकदम मोठ्याने करायची पद्धत सहसा नसते.

प्रभुभोजन दर रविवारी असेलच असे नाही. पुष्कळ ठिकाणी महिन्यातून एकदा, स्कॉटलंडमध्ये कुठे तीन महिन्यांतून एकदा. वडीलजन बहुधा भाकर आणि छोटे प्याले बाकापर्यंत आणतात. चूक इथेच होते: काही मंडळ्यांत मिळताच घेतात, काहींत हातात धरून सगळे एकदम घेतात. शेजाऱ्याकडे पाहा. बाप्तिस्मा झालेला नसेल किंवा घ्यायचे नसेल, तर तबक पुढे द्या, कोणी वाईट मानत नाही. अर्पणाची पाकिटे सभासदांची असतात. पाहुण्याने दिलेच पाहिजे असे नाही, द्यायचे तर तिथलेच चलन टाका. बरेच लोक बँकेतून देतात, म्हणून थैलीत काही न टाकणारे दिसतील.

आशीर्वाद झाला की आपली माणसे लाजून निघून जातात. असे करू नका. ओळखी होतात त्या नंतरच्या चहा-कॉफीला. दारात पाळक हात मिळवतील तेव्हा नाव, गाव आणि मुक्काम एवढे इंग्रजीत सांगता आले तरी पुरते. मग हॉलमध्ये अर्धा तास थांबा. एखाद्या वडीलजनांचा फोन नंबर घ्या. आजारपणात किंवा घरी एकटे असताना धावून येणारी माणसे अशीच मिळतात.

पुढे सहभोजनाला बोलावले तर आठ-दहा जणांना थोडी-थोडी पुरेल इतकी सांबारवडी (कोथिंबीरवडी) किंवा चिवडा न्या, तिखट अर्धेच घाला. आधी स्वयंपाकघर पाहणाऱ्यांना विचारा. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींना जिवावर बेतते, त्यामुळे काही चर्चमध्ये तो आणायलाच बंदी असते. बंदी नसली तरी डब्यावर घातलेल्या सगळ्या जिनसांची इंग्रजीत चिठ्ठी लावा, शेंगदाणा पहिला लिहा.